सार्वजनिक नभोवाणीचा निधी : पेण-रोह्याच्या श्रोत्याच्या दृष्टीने एक विचार

१

सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना मिळणाऱ्या शासकीय अनुदानाविषयी महाराष्ट्रात अधूनमधून जी चर्चा होते, तिच्यात दोन पक्ष ठरलेले दिसतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, खासगी वाहिन्यांनी आणि भ्रमणध्वनीने वार्ता व मनोरंजन घरोघर पोचविले असता करदात्याच्या पैशाने आकाशवाणी आणि दूरदर्शन चालविण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही. दुसरा पक्ष 'गीतरामायणा'ची, श्रुतिकांची आणि संगीतसभांची आठवण देतो व ती परंपरा टिकावी म्हणून अनुदानही टिकावे असे सांगतो. दोन्ही मांडण्यांत एक उणीव समान आहे. पहिला पक्ष श्रोत्याकडे ग्राहक म्हणून पाहतो, दुसरा रसिक म्हणून. ज्याची मोजदाद ग्राहकांत होत नाही आणि ज्याच्या रसिकतेची कोणी वास्तपुस्त करीत नाही, असा लहान गावचा नागरिक या दोघांच्याही हिशेबात येत नाही.

या नागरिकाच्या बाजूने प्रश्नाचा विचार करावयाचा तर रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे ही तालुक्याची दोन ठिकाणे फार उपयोगी पडतात. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात मुंबई इतकी जवळ आहे की, येथील गरजा मुंबईनेच भागविल्या असतील असे सहज गृहीत धरले जाते. वस्तुतः पेणची खारजमीन, तेथील मिठागरे व गणेशमूर्तींचे कारखाने, रोह्याची कुंडलिका नदी, धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आणि दोन्ही तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्या यांचे प्रश्न मुंबईचे नाहीत. दिव्याखाली अंधार असावा तशी ही स्थिती आहे. अशा ठिकाणाहून पाहिले असता सार्वजनिक निधीचे समर्थन कोणत्या आधारावर टिकते आणि कोणत्या आधारावर टिकत नाही, हे अधिक स्पष्ट होते.

२

भारतातील ध्वनिक्षेपणाचा आरंभ खासगी भांडवलाने झाला, ही गोष्ट या वादात बहुधा विसरली जाते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. संच बाळगणाऱ्यास वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि त्या रकमेचा ८० टक्के भाग कंपनीस मिळे. परंतु तीन वर्षांनंतरही साऱ्या देशातील परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आतच राहिली आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

या अपयशाचे कारण प्रक्षेपकाच्या शक्तीतही होते. मुंबईचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा असून त्याचा परिणामकारक पल्ला सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, मानला जाई. नकाशावर मुंबई मध्य धरून एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर पेण आत येते आणि रोहे बाहेर राहते. श्रोते थोडे म्हणून उत्पन्न थोडे, उत्पन्न थोडे म्हणून प्रक्षेपक लहान आणि प्रक्षेपक लहान म्हणून श्रोते थोडे, अशा चक्रात कंपनी सापडली. ते चक्र तोडण्यासाठी परताव्याची वाट न पाहता आधी खर्च करणारा कोणी तरी हवा होता. तो खासगी भांडवलदारांत निघाला नाही.

एप्रिल १९३० मध्ये सरकारने ही सेवा आपल्याकडे घेतली. परंतु काटकसरीच्या नावाखाली ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णयही झाला. जनतेच्या व व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे तो पुढच्याच महिन्यात फिरवावा लागला आणि आयात संचांवरील जकात वाढवून खर्चाची तोंडमिळवणी करण्यात आली. मे १९३२ मध्ये सेवा चालू ठेवण्याचा निश्चित निर्णय झाला. अनुदानाचे संरक्षण हा प्रश्न यावरून नव्वद वर्षांहून अधिक जुना ठरतो. हिशेबाच्या एका ओळीसरशी सेवा थांबू शकते आणि सेवा पुन्हा सुरू होण्यास लोकांनी आवाज उठवावा लागतो, हा त्या प्रसंगाचा धडा होता.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्यास सहा केंद्रे आली. त्यांचे ध्वनिक्षेपण देशाच्या अडीच टक्के भूभागास व ११ टक्के लोकसंख्येस ऐकू येई. पुढे नागपूर (१९४८), पुणे (१९५३), रत्नागिरी (१९७७) अशी केंद्रे निघाली. यांपैकी एकही केंद्र नफ्याच्या अपेक्षेने उघडलेले नव्हते.

३

बाजारपेठ कोठपर्यंत पोचते, याचा निर्वाळा अलीकडच्या काळात शासनाच्याच धोरणातून मिळतो. २०११ मध्ये जाहीर झालेल्या खासगी एफ. एम. नभोवाणीच्या तिसऱ्या टप्प्यात परवाने शहरागणिक लिलावाने द्यावयाचे ठरले आणि साधारणतः एक लाखाहून अधिक वस्तीची शहरे विचारात घेण्यात आली. २०११ च्या जनगणनेत पेण नगराची वस्ती सुमारे ३८ हजार आणि रोहे नगराची सुमारे २१ हजार होती. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. त्या यादीतही पेण आणि रोहे नाहीत.

यात खासगी व्यावसायिकांचा दोष नाही. जाहिरातदार ज्या गिऱ्हाइकाचे मोल देतो, तेथेच त्यांना जाता येते. पण खासगी एफ. एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुनःप्रक्षेपित करता येते, एवढेच. तेव्हा 'खासगी वाहिन्या आहेत, आता सार्वजनिक कशाला?' हा युक्तिवाद नभोवाणीपुरता तरी दोन ठिकाणी तुटतो. पेण-रोह्यापुरते केंद्र काढण्याची वाट धोरणाने खासगी व्यावसायिकास खुली केलेली नाही आणि शेजारच्या महानगरातील केंद्र कानी पडले, तरी त्यावरील बातमी सार्वजनिक संस्थेकडूनच आलेली असते.

येथे भूगोलाचाही संबंध येतो. एफ. एम. लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की त्यांच्यामागे छाया पडते. मध्यमलहरी जमिनीच्या वळणाने दूरवर पसरतात. सह्याद्रीचे फाटे जेथे थेट खाडीपर्यंत उतरतात, अशा प्रदेशात हा भेद केवळ तांत्रिक राहत नाही. गेल्या काही वर्षांत देशातील अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद करण्यात आले आणि एफ. एम.वर भर देण्यात आला. ध्वनीची शुद्धता आणि विजेची बचत ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. तथापि, जुना प्रक्षेपक बंद करण्यापूर्वी त्याच्या छायेतील प्रत्येक वाडी नव्या प्रक्षेपणाच्या कक्षेत आली आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी अशा वेळी वाढते.

४

सार्वजनिक निधी योग्य रीतीने खर्च झाला असता काय साधते, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण १९५६ सालचे आहे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातील मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या मूल्यमापनात पॉल न्यूराथ यांनी मंडळे असलेल्या व नसलेल्या गावांची तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्ट दिसली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे मात्र ती क्षीण होत गेली.

या प्रयोगातून निधीच्या स्वरूपाविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. श्रोतृमंडळास संच लागे आणि तो एकदाच घ्यावा लागे. पण चर्चा घडवून आणणारा निमंत्रक, गावोगाव फिरणारा संघटक, शंकांची उत्तरे तयार करणारा कार्यक्रमाधिकारी आणि बिघडलेला संच दुरुस्त करणारा कारागीर यांच्यावरचा खर्च दरसालचा असे. प्रयोगाचा प्राण या दुसऱ्या खर्चात होता. शासकीय अंदाजपत्रकात मात्र भांडवली खर्चास नेहमी झुकते माप मिळते. मनोरा उभा राहिलेला दिसतो, त्याचे उद्घाटन होते. माणसाचा पगार कोणास दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने प्रसार भारतीच्या पायाभूत सुविधांच्या विकासासाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना २०२५-२६ पर्यंतच्या काळाकरिता मंजूर केली. एफ. एम.ची व्याप्ती लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेणे हा तिचा एक उद्देश होता. तो स्तुत्यच आहे. परंतु नव्या मनोऱ्यावरून पेणच्या श्रोत्याने काय ऐकावे, याचे उत्तर प्रक्षेपकाच्या किंमतीत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ज्या पाच जिल्ह्यांत हा प्रयोग झाला, त्यांत कुलाबा नव्हता. त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख लोकसभेत कुलाब्याचेच प्रतिनिधित्व करीत होते आणि रोह्याशी त्यांचे घरचे नाते होते. यात कोणाची हयगय शोधण्याचे कारण नाही. प्रयोग पुणे केंद्राचा होता आणि कुलाबा मुंबई केंद्राच्या छायेत होता, एवढेच. पण महानगराच्या केंद्रावर विसंबलेला जिल्हा प्रयोगातून कसा निसटतो, हे त्यावरून दिसते. पुण्याच्या केंद्राने ज्वारी, बाजरी व ऊस यांविषयी सांगितलेले पेणच्या खाजणातील शेतकऱ्यास फारसे उपयोगी पडणारे नव्हते. त्याचा प्रश्न वेगळा असतो. उधाणाने बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर पुढील हंगामापूर्वी जमीन गोडी कशी करावी आणि भाताचे कोणते बियाणे पेरावे, हे त्यास हवे असते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती सिद्ध केल्या आहेत. संशोधन पनवेलला होते आणि शेत पेणला असते. या दोहोंमधील अंतर थोडे असले, तरी ते आपोआप तुटत नाही.

५

आता दुसऱ्या पक्षाच्या, म्हणजे परंपरेच्या युक्तिवादाकडे वळावे. नभोवाणीने मराठी साहित्यास दिलेले दान मोठे आहे, याबद्दल दुमत नाही. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून वर्षभर, दर आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीतांत सादर झाले. बा. सी. मर्ढेकर नभोवाणीच्या सेवेत होते आणि त्यांच्या संगीतिका या माध्यमाच्या गरजेतून जन्मल्या. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ काम केले. पु. ल. देशपांडे यांचाही आकाशवाणी व दूरदर्शन या दोहोंशी निकट संबंध होता. नियमित वेतन, ठरलेली वेळ आणि दूरवरचा अनोळखी श्रोता यांच्या योगाने लेखनाला जी शिस्त लागली, तिचा मराठी गद्यावरील परिणाम अभ्यासण्याजोगा आहे.

परंतु या वैभवावर अनुदानाचे समर्थन उभारणे धोक्याचे आहे. गतकाळातील उत्तम कृती हे आजच्या खर्चाचे कारण होऊ शकत नाही. 'गीतरामायण' आज ध्वनिमुद्रिकांतून सर्वत्र मिळते. ते ऐकण्यासाठी केंद्र चालू ठेवण्याची आवश्यकता नाही. परंपरेचे नाव घेऊन अनुदान मागणारा पक्ष नकळत असे कबूल करतो की, संस्थेचे सर्व मोल भूतकाळात आहे. टीकाकारास याहून अधिक काय हवे?

परंपरेतून घ्यावयाचा धडा निराळा आहे. 'गीतरामायणा'च्या पहिल्या गीतापूर्वी त्याला मागणी नव्हती. एखाद्या केंद्राने वर्षभराची वेळ एका कवीच्या स्वाधीन करावी आणि श्रोत्यांची गणती न करता ती पुरती पार पाडावी, हे निधीच्या निश्चितीमुळे शक्य झाले. तशीच निश्चिती आज पेण-रोह्याच्या बोलींस मिळाली, तर काय घडेल हा खरा प्रश्न आहे. आगरी बोली विनोदापुरती ऐकू येते. कातकरी बोली तेवढीही नाही. प्रसार भारती अधिनियमाच्या बाराव्या कलमात देशातील विविध संस्कृती व भाषा यांना पुरेसे स्थान देणे हे संस्थेचे कर्तव्य म्हणून नमूद केले आहे. कर्तव्य कायद्याने सांगितले असेल, तर त्याचा खर्चही कायद्याने सांगितला पाहिजे.

६

नेमके तेच कायद्याने सांगितलेले नाही. १९९० च्या या अधिनियमाचा अंमल सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाला. त्याचे सतरावे कलम निधीविषयी आहे. संसदेच्या मान्यतेनंतर केंद्र शासन संस्थेस दोन प्रकारच्या रकमा देऊ शकेल असे त्यात म्हटले आहे. पहिली रक्कम म्हणजे ग्राहकसंचांच्या परवाना-शुल्काचे, ते असल्यास, उत्पन्न. दुसरी म्हणजे शासनास आवश्यक वाटतील अशा इतर रकमा. यातील 'असल्यास' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. कायदा होण्यापूर्वीच, १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास, हे शुल्क रद्द झालेले होते. म्हणजे पहिला झरा आटल्यावर त्याचा उल्लेख झाला आणि दुसरा झरा शासनाच्या इच्छेवर सोडण्यात आला. संस्थेस स्वायत्तता देणाऱ्या कायद्यानेच तिच्या पोटापाण्याची सोय अनिश्चित ठेवली, असे म्हणावे लागते.

अनुदान देणारा हात लेखणीही धरू लागतो, हे भय काल्पनिक नाही. आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) आकाशवाणी व दूरदर्शन यांचा वापर कसा झाला, यावर १९७७ मध्ये शासनानेच श्वेतपत्रिका काढली. त्यानंतर बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७८ मध्ये 'आकाश भारती' या नावाच्या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. १९७९ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निर्णयात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. या सर्व विचारपरंपरेत शासनाच्या ताब्यातून मुक्ततेचा आग्रह आहे. मुक्त झालेल्या संस्थेने जगावे कशावर, हा प्रश्न मात्र तितक्याच दृढतेने सोडविला गेला नाही. अनुदान काढून घेतल्याने स्वातंत्र्य येत नाही. शासनाच्या जागी जाहिरातदार येतो.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी आहे. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी महामंडळ निर्माण झाले आणि राजकीय दडपण टळावे म्हणून त्याला दोन वर्षे आगाऊ निधी मंजूर करण्याची प्रथा पडली. तरीही जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले आणि पुढील महिन्यात त्या महामंडळाने आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले. या निधीचा मोठा भाग स्थानिक केंद्रांकडे जात असे. मोठ्या शहरांतील केंद्रांना देणगीदार मिळतात. ग्रामीण केंद्रांची भिस्त या निधीवरच अधिक होती. जर्मनीत संस्थांना किती द्रव्य लागेल हे एक स्वतंत्र आयोग ठरवितो आणि २०१३ पासून प्रत्येक कुटुंबाकडून वर्गणी घेतली जाते. तेथील घटना-न्यायालयाने प्रसारणाच्या स्वातंत्र्यात पुरेशा निधीची हमी अंतर्भूत मानली आहे. या दोन उदाहरणांतील फरक रकमेचा नाही. एकीकडे निधी बहुमताच्या मर्जीवर होता. दुसरीकडे तो हक्काच्या कक्षेत आहे.

महाराष्ट्रातही याची लहानशी प्रचीती आली. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागाचे काम छत्रपती संभाजीनगर येथे हलविण्याचा आदेश निघाला. सर्व थरांतून विरोध झाल्यावर त्यास स्थगिती मिळाली. पुण्यास पत्रकार, लोकप्रतिनिधी व संस्था आहेत, म्हणून आवाज उठला. असा आदेश एखाद्या लहान ठिकाणाच्या सेवेविषयी निघाला, तर तो वर्तमानपत्रातही येईल की नाही याची शंका आहे.

७

भ्रमणध्वनीमुळे हे सर्व विवेचन कालबाह्य झाले, असा आक्षेप शेवटी उरतो. त्याचे उत्तर ३ जून २०२० रोजी मिळाले. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब व दूरध्वनीचे मनोरे कोसळले आणि जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज व भ्रमणध्वनी कित्येक दिवस बंद राहिले. ज्या साधनावर सर्व भार टाकला, तेच सर्वांत आधी निकामी झाले. बॅटरीवर चालणारा साधा संच आणि दूरवरचा शाबूत प्रक्षेपक एवढ्यावर चालणारे माध्यम अशा दिवशीच आपली किंमत सांगते. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि रोहे तालुक्यातील नागोठण्यासही तडाखा दिला. धाटावसारखी रासायनिक वसाहत जवळ असलेल्या गावास तर सावधगिरीच्या सूचनेची गरज कोणत्याही दिवशी पडू शकते. दैनंदिन उत्पन्नाच्या हिशेबात अशा सेवेस किंमत नसते. पण गरजेच्या दिवशी ती नव्याने उभीही करता येत नाही.

आपत्ती सोडून रोजच्या व्यवहाराकडे पाहिले तरी हेच दिसते. गणेशमूर्तींसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२५ मधील मुंबई उच्च न्यायालयातील सुनावण्या यांचा थेट परिणाम पेण, हमरापूर व जोहे येथील कारखान्यांवर झाला. मूर्तिकार, पर्यावरणाचे अभ्यासक व अधिकारी यांना एकत्र बसवून आठवड्यातून दोनदा अर्धा तास बोलते करावे आणि कारागिरांच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरे द्यावीत, यासाठी १९५६ च्या श्रोतृमंडळाहून वेगळे साधन शोधण्याची गरज नाही.

यावरून सार्वजनिक निधीच्या समर्थनाची दिशा निश्चित होते. त्याचे संरक्षण करावयाचे ते गतवैभवासाठी नव्हे. 'असल्यास' आणि 'आवश्यक वाटल्यास' या शब्दांच्या जागी निधीचे प्रमाण ठरविणारी स्वतंत्र व्यवस्था कायद्यात आली पाहिजे. भांडवली खर्चाबरोबर कार्यक्रमांचा आणि माणसांचा आवर्ती खर्च बांधून दिला पाहिजे. आणि या निधीच्या मोबदल्यात संस्थेनेही एका कसोटीस उतरले पाहिजे. आपल्या खर्चातील किती भाग अशा ठिकाणांच्या प्रश्नांवर व बोलींत खर्च झाला, जेथे दुसरे कोणी जाणार नाही, याचा हिशेब तिने दरसाल द्यावा. हा हिशेब देता आला नाही, तर अनुदानाच्या विरोधकांस उत्तर देणे कठीण जाईल. तो देता आला, तर उत्तराची गरजच फारशी उरणार नाही.

१९२७ च्या वर्तुळात पेण होते आणि रोहे नव्हते. पुढील काळात प्रक्षेपकांची शक्ती वाढली आणि वर्तुळ रोह्याच्याही पलीकडे गेले, ते सार्वजनिक पैशाने. ते आकुंचित होऊ लागले, तर पहिली झळ मुंबईस लागणार नाही. ती कडेला असलेल्यांना लागेल.